झाकण राहिलं, रजिस्टर गेलं

१

चोरानं झाकण नेलं नव्हतं. गोटीरामच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो तिथंच.

झाकण वकीलबाईंच्या ऑफिसात टेबलावर होतं. मधे टम्म फुगलेलं, एका कडेनं फाटलेलं, रसमोहिनी प्रेशर कुकरचं. तीन आठवड्यांपूर्वी लंकाबाईच्या खानावळीत तुरीची डाळ शिजताना ते उडालं, वरच्या पत्र्याला पोचा पाडून खाली आलं आणि वाफेनं बाईचा उजवा हात कोपरापर्यंत सोलून काढला. केसमधला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे हे झाकण. ते सोडून चोरानं नेलं काय, तर कपाटातलं शंभर पानी रजिस्टर!

"हसू नका हो, गोटीरामभाऊ," ॲडव्होकेट स्नेहल पगार कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"हसत नाय, वकीलबाई. चोराची कीव येतीय. लाडू सोडून गड्यानं ताटली पळवली."

गोटीरामचं वय बावन्न. नाशिकच्या द्वारका चौकात त्याचं कुकर-शेगडी दुरुस्तीचं दुकान. नाशिकमधल्या अर्ध्या स्वयंपाकघरांची गुपितं त्याला ठाऊक, आणि खोड्या काढायची हौस अशी, की एका कटकट्या गिऱ्हाइकाला त्यानं सांगितलं होतं, रबराची रिंग सकाळी पूर्वेकडं तोंड करून बसवायची. तो माणूस वर्षभर होकायंत्र घेऊन ओट्यापाशी उभा राहत होता. पण कामाला पक्का. लंकाबाईच्या कुकरचा वॉल्व्ह खोलून खोट शोधली ती त्यानंच. म्हणूनच वकीलबाईंनी नाशिक रोडच्या ऑफिसातून फोन केल्याबरोबर शटर खाली ओढून तो पळत आला होता.

"त्या रजिस्टरात काय होतं?"

"सह्या. लंकाबाईंच्या कॉलनीतल्या त्रेचाळीस बायकांच्या. सगळ्यांकडे हाच कुकर. उद्या अकरा वाजता ग्राहक मंचापुढे आपला अर्ज आहे, आणि अध्यक्षांचा पहिला प्रश्न असणार, बाकीच्या बायका कुठायत? मी काय दाखवू, कपाट?"

"एकट्या लंकाबाईची केस चालत नाय का?"

"चालते की. मस्त चालते. त्यांचा कुकर, त्यांचा हात, त्यांची भरपाई. कंपनी महिनाभरात मिटवून टाकील आणि बाकीचे कुकर आहेत तिथंच शिट्ट्या मारत राहतील." स्नेहलबाई पुढं वाकल्या. "म्हणून मी दोन फायली केल्या. हाताची भरपाई लंकाबाईंची एकटीची, ती वेगळी. दुसरी सगळ्यांची. गाऱ्हाणं एकच असेल तर एकीनं सगळ्यांच्या वतीनं उभं राहता येतं, कायद्यात सोय आहे. मात्र आधी मंचाची परवानगी पाहिजे आणि पेपरात जाहीर नोटीस पाहिजे. मग जो निकाल लागेल तो सगळ्यांना लागू."

"आन् हरलो तर?"

"तोही सगळ्यांना. म्हणून तर नोटीस. कोणाला नको असेल त्यानं येऊन सांगावं."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर लंकाबाई बसली होती. हाताला बँडेज, डोक्यावर पदर. आता ती पुढं सरकून बोलली.

"गोटीभाऊ, मला भरपाई नको का? पाह्यजे. पण त्या समद्या पोरींनी कुकर घेतला तो माझ्या सांगण्यावरून. माझ्या खानावळीतला बघून. मीच म्हनले, घ्या गं, झटक्यात शिजतंय. आता दारोदार जाऊन सांगते, वापरू नका, तर म्हनत्यात, आमच्याला कुठं काय झालंय? कंपनीनं घरातून उचलून नेल्याबिगर ते कुकर बंद व्हायचे नाय. रोज सकाळी कॉलनीत शिट्टी वाजली का मी हातातलं काम टाकून दारात येते."

गोटीरामचं हसू मावळलं.

"रजिस्टर शेवटचं कधी दिसलं?"

"सकाळी दहाला. मी दुसऱ्या केससाठी कोर्टात गेले, बाराला आले तर कपाट उघडं," स्नेहलबाई म्हणाल्या. "मधल्या वेळात तीनच माणसं या खोलीत होती. आणि भाऊ, तिघांतलं एक तरी माझ्या विश्वासातलं आहे."

२

पहिला नंबर धनराजशेठचा. नाशिक रोडला त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान, रसमोहिनीची एजन्सी त्यांचीच. काचेत कुकरांची चळत रचून मधे शेठ बसले होते, गणपती बसावा तसे.

"या या, वॉल्व्हचे डॉक्टर! आज कोणाचं पोस्टमार्टेम?"

"तुमचंच. वकीलबाईंच्या ऑफिसात सकाळी कशाला गेला होता, शेठ?"

"लपवायचंय काय त्यात?" शेठनं गल्ल्यातून एक टाइप केलेला कागद काढला. "तडजोड! कंपनीनं मुंबईहून पाठवलाय. लंकाबाईंनी सही करायची, दवाखान्याचा खर्च घ्यायचा, वर नवा कुकर घ्यायचा, विषय संपला. एकटी बाई, कुठं कोर्टात टाचा घासणार?"

"नवा कुकर म्हणजे ह्योच? रसमोहिनी?"

"मोठा देतोय. सात लिटर!"

"म्हंजे आता बाई डायरेक्ट पत्र्याच्या भाईर," गोटीराम म्हणाला. शेठला ते कळलं नाही, का कळूनही गिळलं, कोण जाणे. "आन् बाकीच्या बायांचं काय?"

"कोणत्या बाकीच्या?" शेठ खरोखर गोंधळले. "झाकण एक उडालंय की दोन?"

गोटीरामनं मान डोलावली आणि पायरीवरून खाली उतरला. तेवढ्यात शेठनं मागून हाक मारली.

"ओ डॉक्टर! चोरी झालीय म्हणे तिथं? मग त्या शेखरला विचारा. मी गेलो तेव्हा तो कपाटात मुंडकं घालून उभा होता. मला बघून असा दचकला, जसा दुधाशी बोका!"

३

शेखर म्हणजे स्नेहलबाईंचा ज्युनिअर. सनद मिळून दोन वर्षं झालेली, कोट अजून नवा. कोर्टाबाहेरच्या टपरीवर तो चहा पीत होता. थंडी अशी, की निफाडकडून येणारे लोक कानटोपीतूनच बोलत होते.

"हो, कपाटात मीच होतो," शेखर म्हणाला. "अर्ज काढत होतो, शिवून घ्यायला. अर्ज आणि रजिस्टर एकाच फायलीत होतं. अर्ज काढला, रजिस्टर तिथंच ठेवलं."

"मग शेठला बघून दचकला का?"

"भाऊ, तोंडात पेढा होता. मॅडमचा डबा पण त्याच कपाटात असतो."

गोटीरामला हे इतकं आवडलं की त्यानं चहाचे पैसे दिले.

"बरं, शेठनं लंकाबाईला फोडलं तर? तडजोडीवर सही केली बाईनं, तर सगळ्यांची केस पण गेली का?"

"तीच तर मजा आहे!" शेखरचे डोळे चमकले. "एकट्याच्या केसमध्ये तुम्ही कधीही मिटवा, तुमची मर्जी. पण एकदा सगळ्यांच्या वतीनं परवानगी मिळाली, की पुढं उभा राहिलेल्याला गुपचूप मिटवता येत नाही. मंचाला विचारावं लागतं, बाकीच्यांना कळवावं लागतं. आणि पुढचा ढिला पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा करता येतो. एक मुंगी चिरडली म्हणून रांग मोडत नाही."

"आन् सह्या?"

"कायदा सह्या मागतच नाही. एक जण पुढं, बाकीचे आपोआप आत. रजिस्टर हाताशी असलं तर बरं, एवढंच. अध्यक्षांना दिसतं की लोक खरे आहेत." शेखरनं ग्लास ठेवला. "तसं ते रजिस्टर देखणंच होतं. प्रत्येक पानावर हळदीकुंकवाची बोटं. मॅडम म्हणाल्या, शुभशकुन आहे."

"ऑफिसात शेवटी कोण आलं होतं?"

"सविताताई. तिळगूळ द्यायला. मी त्यांची चेष्टा पण केली. म्हटलं, ताई, बायकांना तयार ठेवा, समोरचा वकील उद्या कोणालाही उभं करून विचारील, ही सही तुमची का, कशासाठी केली? मग मी शिवायचा दोरा आणायला खाली गेलो."

"आन् परत आला तर?"

"ताई गेलेल्या. तिळगुळाचा डबा टेबलावर."

गोटीराम डोकं खाजवत उभा राहिला. सविता म्हणजे कॉलनीच्या महिला मंडळाची चिटणीस. त्या त्रेचाळीस सह्या गोळा केल्या तिनंच, अकरा दिवस चपला झिजवून म्हणे. आपणच घातलेली रांगोळी कोणी आपणच पुसतं का?

४

दुपारी तो दुकानात परतला, तर बाकावर भागीबाई वाट बघत बसलेली. सविताच्या शेजारची. मांडीवर पिशवी आणि पिशवीत रसमोहिनी.

"रिंग सैल झालीय, भाऊ. शिट्टी होतच नाय."

"तुमच्या बापजाद्यांची पुण्याई, की होत नाय." गोटीरामनं झाकण उलटं केलं, पान्यानं वॉल्व्ह काढला आणि त्यातलं वाटाण्याएवढं बूच चिमट्यात धरून शेगडीच्या जाळावर नेलं. "बघा आता. वाफ लय कोंडली का हे बूच वितळलं पाह्यजे. वितळलं का तिथनं वाफ पळते, झाकण जागेवर राहतं. चांगल्या कुकरचं बूच असं टपकन गळतं."

भागीबाई बघत राहिली. बूच काळं पडलं, लाल व्हायला आलं. गळलं मात्र नाही.

"पक्का धातू ठोकलाय यांनी," गोटीराम हळूच म्हणाला. "मग वाफ कुठनं जाणार? झाकण घेऊन जाणार."

भागीबाईनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. पाय पण जरा लांब घेतले.

"म्हनून तर केस चाललीय," गोटीराम म्हणाला. "तुम्ही सही केलीय ना कोर्टासाठी? त्या रजिस्टरात?"

"कोर्ट?" भागीबाई उठूनच उभी राहिली. "मी नाय बाई! आमच्या सात पिढ्यांत कोनी कोर्टाची पायरी चढलं नाय. मी सही केली ती वाटीची!"

"कसली वाटी?"

"संक्रांतीचं हळदीकुंकू नव्हतं का सविताच्या घरी? वाण म्हनून स्टीलची वाटी लुटली तिनं. म्हनली, वाटी मिळाल्याची सही करा, मंडळाला हिशेब द्यावा लागतो. सगळ्यांनीच केली की."

गोटीरामच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मग त्यानं फोन उचलला.

"वकीलबाई, चार वाजता तिघांना ऑफिसात बोलवा. आन् मी काय बी बोललो तरी मधे पडू नका. मी लय खोटं बोलणार हाय."

५

चार वाजता सगळे जमले. धनराजशेठ तडजोडीचा कागद घेऊन, शेखर डायरी घेऊन, सविता पदर घट्ट लपेटून. लंकाबाई आपल्या कोपऱ्यात. स्नेहलबाईंनी चहा मागवला.

"आनंदाची बातमी!" गोटीरामनं टाळी वाजवली. "रजिस्टर गेलं तर गेलं. माझ्याकडं त्याची झेरॉक्स निघाली! मागच्या आठवड्यात मीच काढून ठेवली होती. उद्या त्यातल्या धा बाया मंचापुढं उभ्या करायच्या. येतील आन् सांगतील, सही कशाची केली ते."

"कसलं रजिस्टर?" शेठ म्हणाले.

"उभ्या कशाला करायच्या?" शेखर म्हणाला. "परवानगीच्या अर्जाला गरज नाही."

 सविताच्या बशीतला कप खुळखुळायला लागला आणि थांबेना.

"झालं," गोटीराम म्हणाला. "झेरॉक्स बिरॉक्स काय नाय, ताई. पाणी प्या."

 गोटीराम टेबलाच्या कडेवर टेकला.

"आता बघा. शेठला केस बुडवायची असती तर त्यांनी काय नेलं असतं? झाकण. एकट्या बाईची केस झाकणावर उभी. शेठला तर सगळ्यांची केस आहे हे माहीतच नव्हतं. असतं, तर एकटीच्या तडजोडीचा कागद घेऊन आलेच नसते. तो आता चुलीत घाला, शेठ."

"सगळ्यांची केस?" शेठचा आवाज चिरकला. "सगळ्यांची म्हणजे किती?"

"कळंल. थांबा. आता शेखर वकील. यांना खोडा घालायचा असता तर यांनी अर्ज नेला असता. त्याच फायलीत होता. सह्यांशिवाय मंच ऐकून घेतो, अर्जाशिवाय दार पण उघडत नाय, हे त्यांना पाठ. म्हंजे चोर असा पाह्यजे, की ज्याला सगळ्यांची केस आहे हे माहीत, पण सह्या लागतच नाहीत हे माहीत नाय. आन् ज्याला त्या सह्यांचीच भीती." त्यानं आवाज खाली आणला. "हळदीकुंकवाची बोटं पानांवर कशी आली, ताई? दारोदार सह्या घेतल्या, तर त्रेचाळीस घरांत एकाच वेळी हळदीकुंकू होतं का?"

सवितानं कप खाली ठेवला. डोळे टेबलाकडं.

"कोर्ट म्हटलं की दारं बंद व्हायची, भाऊ," ती म्हणाली. "चार दिवस फिरले, पाच सह्या. कोणाचा नवरा नाही म्हणतो, कोणाची सासू. लंकाबाईंचा हात मी दवाखान्यात बघितला होता. मला वाटलं, सह्या नसतील तर केसच उभी राहणार नाही. मग संक्रांत आली. म्हटलं, वाटी घ्या आणि सही करा. एका दुपारी अडतीस सह्या झाल्या! आणि आज शेखरभाऊ म्हणाले, उद्या विचारतील, सही कशासाठी केली. मी काय करू? सगळ्या म्हणणार, वाटीसाठी. लंकाबाई खोट्या पडणार, आणि मी आत."

"मला कसं कळलं नाय?" लंकाबाई पुटपुटली. मग तिचं तिलाच उमगलं. "हां. मला कोन बोलावतंय हळदीकुंकवाला."

सवितानं मान आणखी खाली घातली. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

"रजिस्टर कुठाय?" स्नेहलबाईंनी विचारलं.

"बंबात घातलं. घरी गेल्या गेल्या."

स्नेहलबाई खुर्चीत मागं टेकल्या, आणि एकाएकी त्यांना हसू फुटलं. असं फुटलं, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अगं बाई, उद्या ते रजिस्टर मी स्वतःच्या हातानं मंचापुढं ठेवणार होते! समोरच्यानं एक बाई बोलावली असती आणि आपण जागेवर ठार. तू चोरी करून केस वाचवलीस!"

"मग वाचली?" गोटीरामनं विचारलं.

हसू तिथंच थांबलं. "नाही ना. उद्या अकरा वाजता अध्यक्ष विचारतील, बाकीच्या कुठायत. आणि आता माझ्याकडे खोट्या सह्या पण नाहीत."

धनराजशेठ उठले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ऊन पडलं होतं. "मग उद्या भेटू," म्हणाले. "एकटीला घेऊन या."

६

सविता पण उठली. तिनं कोणाला काही विचारलं नाही. लंकाबाईसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चला माझ्याबरोबर. आज प्रत्येक दारात जाऊ. मी खोटं बोलले ते माझ्या तोंडानं सांगते, तुम्ही फक्त हात दाखवा."

गोटीरामनं भागीबाईचं काळंठिक्कर बूच खिशातून काढून सविताच्या हातावर ठेवलं. "हे पण दाखवा. आन् सही मागू नका. झाकण घेऊन या म्हणा."

त्या संध्याकाळी कॉलनीत सवितानं काय काय ऐकून घेतलं, ते लिहिण्यासारखं नाही. एकीनं वाटी आणून तिच्या पायाशी आपटली. एकीच्या सासूनं सात पिढ्या उद्धरल्या. सविता प्रत्येक दारात तेच बोलली, एक शब्द कमी नाही, आणि पुढच्या दाराकडं वळली. उद्या कोण येणार, ह्याचं उत्तर मात्र एकाही दारानं दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी अकरा वाजता मंचाच्या खोलीत स्नेहलबाई, लंकाबाई, सविता आणि गोटीराम. बाक रिकामा. कंपनीचा वकील शेठच्या फोनवर रातोरात मुंबईहून आलेला, टाय लावून. त्यानं तोंड उघडलं ते थेट मुद्द्यावर.

"महोदय, ही एका बाईची तक्रार आहे. तिची भरपाई द्यायला आमची ना नाही. पण 'सगळ्यांच्या वतीनं' म्हणजे कोणाच्या? मला तर इथं कोणी दिसत नाही."

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "पगारबाई, बाकीच्या कुठे आहेत?"

स्नेहलबाई उठल्या. सवितानं डोळे मिटले. आणि बाहेर पॅसेजमध्ये ठण्णकन काहीतरी पडलं.

मग पुन्हा ठण्ण. मग शिपायाचा आवाज, "ओ बाई, भांडी घेऊन कुठं? हे काय मार्केट आहे का?" आणि त्याच्यावर भागीबाईचा, "बाजूला हो रे मुडद्या! आमची केस हाय!"

दार उघडलं. पुढं भागीबाई, सात पिढ्यांची पायरी ओलांडून, पदर खोचलेली. मागं पिशव्या, पिशव्यांत झाकणं. द्वारकेच्या जॅममध्ये त्यांच्या रिक्षा अर्धा तास अडकल्या होत्या. बाकावर जागा पुरेना तशा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी स्वतः मोजलं. तेवीस. सगळ्या झाकणांवर एकच छाप, रसमोहिनी.

"तुमच्या सह्या आहेत का कुठे?" कंपनीच्या वकिलानं घाईघाईनं विचारलं.

"सही कशाला?" भागीबाई म्हणाली. "झाकण बघ ना. का शिट्टी वाजवून दाखवू?"

अध्यक्षांनी तोंडावर रुमाल धरला तो खोकला आला म्हणून, असं शिपाई नंतर सांगत होता. वीस मिनिटांत हुकूम झाला. परवानगी मंजूर. दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस. पुढल्या तारखेपर्यंत रसमोहिनीची विक्री बंद, आणि वापरात असलेल्या कुकरांची झाकणं कंपनीनं आपल्या खर्चानं गोळा करून घ्यावीत.

लंकाबाईनं स्नेहलबाईंना दोनदा विचारलं, "गोळा करून म्हंजे घरातून?" आणि दुसऱ्यांदा 'हो, घरातून' ऐकल्यावर ती बाकावर टेकली. सविता तिच्या शेजारी बसली. लंकाबाई सरकली, जागा केली.

बाहेर पॅसेजमध्ये धनराजशेठ कंपनीच्या वकिलाशी हुज्जत घालत होते. एकाएकी त्यांचं तोंड उघडं राहिलं. तेवीस बायकांच्या घोळक्यात मागं एक बाई उभी होती, भारी शाल, हातात कापडी पिशवी. त्यांच्या सौभाग्यवती, उज्ज्वलाबाई.

"तू? तू इथं काय करतेस?"

"सविताताई काल आपल्याकडं पण आल्या होत्या," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "तुम्ही दुकानात होतात."

"अगं, केस आपल्यावर आहे! तुझं नाव कुठल्या यादीत घातलं यांनी?"

"यादीच नाही म्हणे. ज्याच्या घरी हा कुकर, तो केसमध्ये." त्यांनी पिशवीतून झाकण काढून गोटीरामच्या हातात दिलं आणि पदर सावरला. "मी निघते. आज डाळ पातेल्यात शिजायला घालायचीय. वेळ लागेल. तुम्ही सावकाश या."